दर दसऱ्याला धुतलेली टाकी

जळण्याच्या बाबतीत माझं एक आहे, मी लांबच्या माणसावर कधी जळत नाही. कुणा पुढाऱ्याचा बंगला झाला, कुणा व्यापाऱ्याचा पोरगा परदेशी शिकायला गेला, माझ्या पोटात काही दुखत नाही. पण शेजाऱ्यानं घराला नवा रंग दिला की मला त्या दिवशी भाकर गोड लागत नाही. साडू तर शेजाऱ्याहून जवळचा. आणि या आठवणीत साडूच्या जोडीला एक ट्रक आहे. तो आधी माझाच होता.

हा दहाचाकी ट्रक मी लग्नाच्या आदल्या वर्षी घेतला आणि चौदा वर्षं चालवला. जालन्याच्या एमआयडीसीतल्या सळया, बियाण्यांच्या कंपन्यांची पोती, हंगामात अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस, जे मिळेल ते भरलं. गाडी इमानी होती, पण चढाला लागली की असा काळा धूर सोडायची की मागचा मोटारसायकलवाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मी आरशातून बघायचो आणि हसायचो. जुन्या इंजिनाला धूर येणारच, असं मी सगळ्यांना सांगायचो. लोकांना पटायचं, कारण गाडी चालवणारा मी होतो.

माझी सासरवाडी भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईची. तिथं हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो, लांबलांबचे व्यापारी येतात. पण सासऱ्यांच्या भावकीत एक रीत आहे. पावसाळ्यात मिरचीचा पहिला तोडा निघाला की तो दारातल्या बाजारात विकायचा नाही. चार-पाच घरांची मिरची एका गाडीत भरून जालन्याला न्यायची. सासऱ्यांच्या वडिलांनी पहिली मिरची बैलगाडीनं तिथं नेली होती म्हणे, तेव्हापासूनचं हे चालत आलेलं. गाडी घरच्या जावयाची. सासूबाई बोनटला हळदकुंकू लावतात, सासरे काचेमागं नारळ ठेवतात आणि स्वतः केबिनमध्ये बसून जालन्याला येतात. माल उतरला की तो नारळ सगळ्या आडत्यांसमोर फोडायचा आणि जावयाला टोपी-उपरणं द्यायचं. तेरा पावसाळे हा मान माझा होता. त्या टोप्या मी कधी घातल्या नाहीत, पण एकही टोपी कुणाला दिली नाही. बायको म्हणायची, कपाटात जागा राहिली नाही. मी म्हणायचो, राहू दे.

दोन वर्षांमागं मला नव्या गाडीची हौस आली. धुराच्या नव्या नियमांत बसणारी, थंडगार केबिनची. जुनी गाडी विकायला काढली तेव्हा धाकट्या साडूनं विचारलं, मीच घेऊ का? तो जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होता. बोलायला गरीब, हातांना सतत ग्रीसचा वास. मिलची नोकरी सोडून त्याला स्वतःचं काहीतरी करायचं होतं. घरातलीच गाडी घरात राहते म्हणून सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. गाडीचं रडगाणं मला पाठ होतं, आता ते त्यानं ऐकावं, असा तो आनंद होता.

त्याच्या दारापुढच्या लिंबाखाली गाडी उभी करून आम्ही दोघं फिरलो. हा माणूस बॅटरी घेऊन गाडीखाली असा शिरला की अर्धा तास बाहेरच येईना. पाटे पाहिले, ब्रेक पाहिले, नळ्या दाबून पाहिल्या. मग बाहेर येऊन डिझेलच्या टाकीवर बोटानं टकटक केलं आणि मला विचारलं, "साडूभाऊ, ह्या टाकीत कव्हा हात घातल्ता का? आतून धुतली का कधी?"

चौदा वर्षांत मी त्या टाकीचं फक्त झाकण उघडलं होतं. पण आपल्यापेक्षा लहान माणूस बॅटरी घेऊन आपली परीक्षा घेतो आहे म्हटल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे काय? दर दसऱ्याला उतरवून धुतो."

तो म्हणाला, "मंग बराबर हाय." आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मलाही त्या थापेचं काही वाटलं नाही. गाडी विकताना माणूस एवढं तर बोलतोच.

नवी गाडी आली आणि मला कळलं की मी गाडी नाही, एक लाडावलेला जावई घरी आणला आहे. डिझेल तर पाजायचंच, वर धूर साफ राहावा म्हणून युरियाचं पाणी वेगळं पाजायचं. ते संपलं की समोर दिवा लागतो आणि गाडी रुसून बसते. बोनट उघडून मी नुसता बघत उभा राहायचो, कारण आत मला ओळखीचं काहीच दिसायचं नाही. शोरूमचा माणूस लॅपटॉप जोडायचा तेव्हा ती बोलायची, तीही त्याच्याशी.

तिकडं साडूनं काय केलं, तर संक्रांतीनंतर जुन्या गाडीत बायोडिझेल टाकायला सुरुवात केली. जालन्याबाहेरच्या एका पंपावर मिळायचं. हॉटेलांतलं वापरलेलं तेल गोळा करून त्यापासून बनवतात, असं त्यानं मला समजावून सांगितलं. एकदम टाकलं नाही त्यानं. आधी शंभर लिटर डिझेलमागं पाच लिटर, मग दहा. काचेच्या बाटलीत ते मिसळलेलं तेल भरून गाडीच्या काचेमागं ठेवायचा. सकाळी बाटली उजेडात धरायची, खाली पाणी बसलं का, गढूळ झालं का, ते बघायचं. मी म्हटलं, हा गाडी चालवतो आहे का दवाखाना? आमच्या नेहमीच्या हॉटेलवर सगळे हसले. तोही हसला.

पण महिन्याभरात हॉटेलवरचं बोलणं बदललं. त्या गाडीचा काळा धूर कमी झाला होता. राजूरकडून येताना चढावरसुद्धा नुसती राखाडी रेघ, आणि तिला भज्यांचा वास. एक ड्रायव्हर मला म्हणाला, तुमच्या गाडीमागं चाललो होतो, भूक लागली. मी म्हटलं, ती आता माझी गाडी नाही. तो म्हणाला, ते दिसतंच हाय.

ते वाक्य मला लागलं. विकलेला बैल दुसऱ्याच्या दावणीला तुकतुकीत दिसावा, तसं झालं होतं. मी घरात जेवत असलो तरी रस्त्यानं जाणारी ती गाडी आवाजावरून ओळखायचो. आवाजही बदलला होता. माझ्या हाताखाली ती खाकरायची, आता नीट बोलायची. बायकोनं एकदा सहज म्हटलं, धाकट्या पाव्हण्यांनी गाडीचं सोनं केलं. मी ताटावरून उठलो. कारण विचारलं तर मीठ जास्त झालंय म्हणालो. मीठ बराबर होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी लपूनछपून नवी गाडी घेऊन त्याच पंपावर गेलो. म्हटलं, भज्यांचा वास आपल्याही धुराला येऊ दे. पंपावरच्या माणसानं गाडीकडं पाहिलं आणि म्हणाला, नवीन हाय, आधी कंपनीला विचारा. शोरूमला फोन केला तर तिकडून स्पष्ट सांगितलं, असलं मिश्रण टाकलंत तर गाडीची हमी विसरा. माझ्या पुढ्यात एक जुनाट टेम्पो बिनधास्त भरून निघून गेला. मी हवा तपासून परत आलो.

येताना जालन्यातल्या पंप मिस्त्रीकडं थांबलो. डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मी आडूनआडून बायोडिझेलची निंदा करायला सुरुवात केली, त्यानंही करावी म्हणून. त्यानं केली नाही. म्हणाला, चांगलं असतं, माल चोख असला आणि बेतानं टाकला तर. पण एक ध्यानात ठेवायचं. ते साबणासारखं असतं. जुन्या टाकीच्या तळाला, कडांना वर्षानुवर्षं जे काळं बसलेलं असतं ते हे सोडवतं. टाकी आधी धुतली नाही तर ती सगळी घाण सुटून फिल्टरमध्ये येते आणि गाडी उपाशी मरते. टाकी भरलेली, पण इंजिनाला थेंब नाही.

मी घरी येईपर्यंत त्या टाकीचा तळ माझ्या डोळ्यांपुढं होता. सांगणं अवघड नव्हतं. फोन उचलायचा आणि म्हणायचं, टाकी उतरव, मी थाप मारली होती. तो रागावलाही नसता. मी फोन उचलला नाही.

आठवड्याभरानं त्याचाच आला. "साडूभाऊ, फिल्टर बदलला आज. लई काळा निघाला. टाकी धुतल्ती ना तुम्ही?"

"दसऱ्याला," मी म्हणालो.

"मंग डिझेलच खराब असंल कुठलं तरी," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

पहिल्यांदा बोललो ती बढाई होती. ही दुसरी वेळ तशी नव्हती. यावेळी मला पक्कं ठाऊक होतं की आपण काय करतो आहोत. ती गाडी एकदा तरी रस्त्यात बंद पडावी, चारचौघांत पडावी, असं मला मनापासून वाटत होतं. त्यापुढचा विचार मी केला नव्हता. जळणारा माणूस पुढचा विचार करत नाही.

पावसाळा लागला, मिरचीला फुटवे आले, पहिला तोडा आठ दिवसांवर आला. मी नवी गाडी आतून-बाहेरून धुऊन सासरवाडीला नेली. सासरे बाजेवर बसले होते. मी विचारलं, मामा, कोणत्या वारी भरायची? त्यांनी तंबाखू मळली, गाडीकडं पाहिलं, छान आहे म्हणाले. मग म्हणाले, पहिला तोडा धाकट्याच्या गाडीत जाईल.

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, तेरा वर्षं तर मी नेतोय.

"नारळ गाडीचा राह्यतो, पाव्हणे. डायवरचा न्हाई," ते म्हणाले. "तिच्या चाकाला यश हाय. गाडी तीच हाय ना?"

म्हणजे तेरा टोप्या मला नव्हत्याच मिळालेल्या. मी हसलो. असं हसलो की गालफडं दुखली. त्या रात्री बायकोशी एक शब्द बोललो नाही, जणू तिच्या बापाचा दोष तिचाच होता.

तोड्याच्या दिवशी जायची माझी इच्छा नव्हती. पण नाही गेलं तर सगळ्यांना कारण कळतं. म्हणून गेलो आणि गाडीही नेली, दुसऱ्या दिवशी गावातल्या इतर शेतकऱ्यांचा माल भरायचा होता, हे निमित्त. खरं म्हणजे शेवटच्या घटकेला सासऱ्यांचा विचार फिरेल, अशी एक वेडी आशा होती. फिरला नाही. सकाळी गोण्या चढल्या. सासूबाईंनी माझ्या जुन्या गाडीच्या बोनटला हळदकुंकू लावलं. मी लावलेला लिंबू-मिरचीचा खिळा अजून तिथंच होता. सासऱ्यांनी काचेमागं नारळ ठेवला, त्या काचेच्या बाटलीला खेटून. साडूनं मला खाली वाकून नमस्कार केला, मोठा साडू म्हणून. सहज बोलता बोलता म्हणाला, कालपासून शंभराला वीसचं मिश्रण केलंय, गाडी मस्त पळून राह्यली.

शंभराला वीस. मी त्याच्या टाकीकडं पाहिलं. बाहेरून त्यानं ती रंगवली होती. मी म्हणालो, जल्दी निघा, ऊन व्हायच्या आत पोचाल.

गाडी गेली. तासाभरानं मी बाजारातल्या हॉटेलवर बसलो होतो तेव्हा फोन आला. केदारखेड्याच्या पुलाअलीकडच्या चढावर गाडी बंद पडली होती. आधी ओढ गेली, मग गचके खाल्ले, मग सगळंच थांबलं. जवळ ठेवलेले दोन्ही फिल्टर त्यानं बदलले, दोन्ही चोंदले. "तुमची गाडी खाली हाय ना? माल तापून राह्यलाय. या ना जल्दी."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी येतो म्हणालो आणि चहा सांगितला. तो पिऊन झाल्यावर आणखी एक सांगितला. हिरवी मिरची गोणीत दाबून भरलेली असते. गाडी चालू असली की वारा लागतो, उभी राहिली की आतून गरम होते, आणि गरम झाली की लालीवर जाते. हे मला तेरा वर्षांपासून माहीत होतं. तरी दुसरा चहा मी बशीत ओतून प्यालो.

पोचलो तेव्हा उघाड पडली होती. पावसाळ्यातलं कडक, चिकट ऊन. गाडी रस्त्याच्या कडेला, चाकांखाली दगड. साडू कोपरापर्यंत काळा झाला होता. टाकी सोडून त्यानं डिझेलच्या कॅनमधून थेट नळी लावून पाहिली होती, पण फीड पंपाची जाळीसुद्धा चोंदली होती. रस्त्यावर फडकं पसरून त्यावर दोन फिल्टर ठेवले होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. काजळ कालवावं तसा गाळ होता. माझी चौदा वर्षं त्या फडक्यावर पडली होती. सासरे पुलाच्या कठड्यावर बसले होते, डोक्यावर उपरणं घेऊन. मी एका गोणीत हात घातला. भाकरीच्या टोपल्यातल्यासारखी ऊब हाताला लागली.

आता बोलायला हवं होतं. साडूनं माझ्याकडं पाहिलं, मग त्या फिल्टरांकडं पाहिलं, आणि मला स्वच्छ दिसलं की त्याला कळलं आहे. फिटर माणूस तो. एवढा गाळ एका वर्षाचा नसतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मी गोणीचं तोंड पुन्हा बांधत राहिलो. तो सासऱ्यांकडं वळला.

"मामा, चूक माझी हाय. बायोडिझेल टाकायच्या आधी मी टाकी उघडून पाहायला पायजे होती. न्हाई पाहिली."

सासऱ्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले. मी माझ्या गाडीचा मागचा फाळका उघडायला गेलो.

माल पलटी करायला शेजारच्या शेतातली चार माणसं आली. गाडीला गाडी लावून गोण्या इकडून तिकडं टाकल्या. मीही उचलल्या, कुणी सांगितलं नसताना. घामात मिरचीचं पाणी मिसळून मानेची, डोळ्यांची आग आग झाली. शेवटची गोणी चढल्यावर साडूनं हात पुसले, आपल्या केबिनमधला नारळ काढला आणि माझ्या काचेमागं ठेवला. मला हवा होता तो नारळ माझ्या गाडीत आला होता. मिरची माझ्या गाडीत, सासरे माझ्या शेजारी. मागं आरशात तो एकटा रस्त्यावर उभा होता, आणि जुन्या गाडीच्या बोनटवर हळदकुंकू तसंच होतं.

गाडी जालन्याच्या रस्त्याला लागली. मी थंड हवा लावून दिली, त्यांनी खिडकी उघडली. दोनदा मी तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा रस्ता खराब आहे एवढंच बोललो.

बाजारात माल उतरला. चार गोण्या लालसर पडल्या होत्या. आडत्यानं नाक मुरडून त्या वेगळ्या काढल्या. त्या नेमक्या सासऱ्यांच्याच होत्या, सकाळी जुन्या गाडीत सगळ्यांत खाली भरलेल्या. मग त्यांनी रीतीप्रमाणं नारळ फोडला. टोपी आणि उपरणं पिशवीतून काढलं आणि माझ्यापुढं धरलं. आजूबाजूला माणसं होती. मी हात पुढं केला नाही.

"मामा, त्या टाकीत मी कधीच हात घातला न्हाई. दसऱ्याला धुतो म्हणून मी त्याला खोटं सांगितलं. दोनदा."

त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिले.

"दसऱ्याला तुम्ही माझ्याच दारात राह्यता, पाव्हणे. गाडी लिंबाखाली. पाच-सहा हार घालता तिला. टाकी धुतलेली म्या कव्हा पाहिली न्हाई." मग म्हणाले, "पुलावर तो बोलला, तव्हा मी वाट पाहून राह्यलो होतो. तुम्ही बोलता का म्हणून. लई उशीर केला तुम्ही."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी-उपरणं पुन्हा पिशवीत घातलं. नारळाची अर्धी वाटी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. ही त्याला द्या, म्हणाले. ते स्वतः बसनं गेले.

दिवस अजून वर होता. मी रिकामी गाडी घेऊन केदारखेड्याला आलो. साडूनं तोवर टाकी खाली उतरवली होती आणि तिच्याशेजारी तो मांडी घालून बसला होता. मी खोबरं दिलं. त्यानं पान्याच्या मुठीनं त्याचे तुकडे केले आणि एक तुकडा मला दिला. मी खाल्ला. गोड होता.

"बरं झालं आले," तो म्हणाला. "टाकीच्या तोंडातून माझा हात जात न्हाई, जाडा हाय. तुमचा जातो का पाहा."

मी बाही वर केली आणि हात आत घातला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. तळाला बोटं टेकली तर मऊ, गार, लोण्यासारखं काहीतरी लागलं. मूठभर बाहेर काढलं. त्यात गंजाचे कण होते, कुजलेल्या चिंधीचा धागा होता. एकदा झाकण हरवलं तेव्हा मी तिथं चिंधी कोंबली होती, ती आत पडली तेव्हा दुसरी कोंबली होती.

"मी कधीच धुतली न्हाई," मी म्हणालो.

"माहीत हाय. पहिला फिल्टर काळा निघाला तव्हाच समजलं होतं."

"मंग तव्हाच का न्हाई उतरवली?"

त्यानं माझ्या हातातला गाळ फडक्यावर घेतला. "तुम्ही मोठे. तुम्ही धुतली म्हणले. त्यावर टाकी उतरवायची म्हणजे तुम्हाला खोटं पाडायचं. सगळ्या सोयऱ्यांत झालं असतं. म्हणलं, दोन फिल्टर जादा जवळ ठेवू, त्यात भागंल."

मला रडू यायला पाहिजे होतं. आला तो राग. चूक माझी होती, निदान ती कबूल करण्यात तरी मी पहिला असायला हवा होतो. तिथंही हा माणूस माझ्या पुढं. मला खोटं पडू द्यायचं नाही म्हणून यानं इतके महिने गाळ सांभाळला, आणि मी मात्र त्याची गाडी कधी बंद पडते याची वाट बघत चहा पीत होतो. तो चांगला आहे याचासुद्धा मला हेवा वाटला. अंधार पडेपर्यंत आम्ही ती टाकी चार वेळा खळबळून ओतली. चौथ्या वेळी डिझेल आत गेलं तसंच बाहेर आलं.

माणूस एका दिवसात सुधारतो असं मला वाटत नाही. मी तरी सुधारलो नाही. साडूची गाडी अजून रस्त्यानं गेली की माझा घास थांबतो. शंभराला वीसचंच मिश्रण चालू आहे, धुराला भज्यांचा वास येतो, आणि हॉटेलवर लोक अजून त्याचंच कौतुक करतात. मला आता हसता येतं, गालफडं न दुखता, एवढाच फरक.

यंदाही पहिला तोडा त्याच्याच गाडीत गेला. यावेळी सासऱ्यांनी काही सांगितलं नाही, मीही काही विचारलं नाही. गाडी निघाल्यावर पाच मिनिटांनी मी माझी रिकामी गाडी काढली आणि त्याच्या मागं लागलो. माझ्या केबिनमध्ये दोन फिल्टर होते. माझ्या गाडीला ते बसत नाहीत, त्याच्याच गाडीचे होते. एकदा तरी त्याला ते लागावेत, त्यानं माझ्याकडं मागावेत, असं मला राजूर येईपर्यंत वाटत होतं. लागले नाहीत. जालन्याच्या बाजारात सासऱ्यांनी नारळ फोडला तेव्हा मी गर्दीत मागं उभा होतो. त्यांनी मला हाक मारून पुढं बोलावलं आणि टोपी माझ्या हातात दिली, धाकट्याच्या डोक्यावर घालायला. मी घातली. नीट बसली नव्हती, म्हणून पुन्हा काढून सरळ करून घातली.